कर्णे, तारा आणि संरोध

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या रात्रीं गिरगांवांतील एखाद्या वाडींत डोकावून पाहावें. मूर्ति येऊन बसलेली असते, मखराचें शेवटचें काम चाललेलें असतें, बायका दूर्वा निवडीत असतात, आणि मांडवाच्या एका कोपऱ्यांत टेबलाखालीं गुडघे टेकून एक तरुण दांतांनीं तारेचें आवरण सोलीत असतो. त्याच्यापुढें एक ध्वनिवर्धक, म्हणजे बाजारांत ज्यास ॲम्प्लिफायर म्हणतात तें यंत्र, भाड्यानें आणून ठेविलेलें असतें. चार कर्णे भिंतीशीं उभे असतात. यंत्राच्या पाठीमागें स्क्रूंची एक ओळ असते आणि त्यांच्याखालीं 'कॉमन, ४, ८, १६, १०० व्होल्ट' अशीं अक्षरें नि आंकडे छापलेले असतात. कोणती तार कोठें लावावयाची हें त्या तरुणास कोणी नीट सांगितलेलें नसतें. गेल्या वर्षीं ज्यानें हें काम केलें, तो बिऱ्हाड घेऊन डोंबिवलीस राहावयास गेलेला असतो. तेव्हां हा 'कर्णे चार, म्हणून स्क्रू चारचा' असा सरळ हिशेब करितो आणि तार आवळून टाकितो.

गंमत अशी, कीं हा हिशेब पुष्कळदां बरोबर निघतो. मांडवांत वापरले जाणारे कर्णे बहुधा १६ ओहमचे असतात, आणि असे चार कर्णे शेजारीं शेजारीं जोडले म्हणजे त्यांचा मिळून भार ४ ओहमच होतो. उत्सव थाटांत पार पडतो. परंतु चुकीच्या रीतीनें आलेलें बरोबर उत्तर गणितांत सर्वांत घातक. कारण पुढील उदाहरणालाही माणूस तीच रीत लावितो. दुसऱ्या वर्षीं वर्गणी चांगली जमते. वाडी आणखी चार कर्णे आणते. कर्णे आठ, म्हणून स्क्रू आठचा. संध्याकाळच्या आरतीस टाळ्यांचा ठेका धरला जातो न जातो तोंच आवाज फाटूं लागतो, यंत्रांतून जळका वास येतो, आणि मग सारी वाडी नुसत्या गळ्यानें आरती पुरी करिते. यंत्र भाड्याचें असतें. त्याची भरपाई वर्गणींतून जाते, आणि टेबलाखालच्या तरुणास त्यापुढें कित्येक वर्षें कोणी तारेस हात लावूं देत नाहीं. त्याची चूक हातचलाखीची नव्हती, समजुतीची होती. ती समजूत फारशी कठीण नाहीं. भागाकार येणाऱ्या कोणासही ती करून घेतां येते.

केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक उत्सव सुरू झाला, तेव्हां कर्णा नव्हता नि तारही नव्हती. व्याख्यात्याचा गळा हेंच यंत्र. विजेच्या साहाय्यानें मोठ्या समुदायास आवाज पोंचविण्याचा मान अमेरिकेंतील पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांचा. १९१५ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढें त्यांनीं तो प्रयोग करून दाखविला. १९१९ सालीं अध्यक्ष विल्सन यांचें सॅन डिएगो येथील भाषण अशाच यंत्रांतून हजारों लोकांनीं ऐकिलें. ज्या ध्वनिक्षेपकांत चुंबकाच्या खोबणींत तारेचें वेटोळें हालतें, त्यास पक्कें स्वरूप १९२५ च्या सुमारास राइस व केलॉग या दोघांनीं दिलें. आपल्याकडे काँग्रेसच्या अधिवेशनांतून कर्णे उभारण्याचें काम नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ' ह्या पेढीनें केलें. १९४२ सालीं उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्या खटल्यांतील पांच आरोपींत मोटवाने हेही एक होते. कर्णा हें नुसतें गोंगाटाचें साधन नव्हे, एवढें तरी ह्यावरून दिसावें. चौपाटी, शिवाजी पार्क, परळचें कामगार मैदान ह्या जागांवर जें जें बोललें गेलें, तें शेवटच्या रांगेपर्यंत नेलें तें दोन तारांनीं.

आतां मुख्य विषयाकडे. ज्या 'ओहम' ह्या शब्दानें तरुणास कोड्यांत टाकिलें, तें एका शाळामास्तराचें आडनांव आहे. जर्मनींतील कलोन शहरीं गेऑर्ग ओहम हा गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. विजेचा दाब, तिचा प्रवाह आणि तारेचा रोध यांचें नातें त्यानें शोधून काढिलें आणि १८२७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. प्रथम त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास पदक दिलें तें १८४१ सालीं. मास्तरकीच्या मानानें चौदा वर्षें कांहीं फार नव्हेत!

ओहमचा नियम चाळींत राहाणाऱ्यास सहज समजतो. गच्चीवरील टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब अधिक. नळ जितका अरुंद, तितका अडथळा अधिक. आणि ह्या दोहोंवरून घागर किती वेगानें भरेल तें ठरतें. विजेच्या बाबतींत दाब व्होल्टांत, अडथळा ओहमांत आणि प्रवाह अँपियरांत मोजतात. दाबास अडथळ्यानें भागिलें म्हणजे प्रवाह येतो. २० व्होल्ट दाब आणि ४ ओहम अडथळा असेल, तर प्रवाह ५ अँपियर. दाब व प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. ती वॅटमध्यें मोजतात. वीस पंचे शंभर, म्हणजे १०० वॅट.

येथें एका ठिकाणीं सामान्य बुद्धि फसते. कर्णे वाढविले म्हणजे यंत्रापुढील अडथळा वाढला, असें वाटतें. प्रत्यक्षांत तो कमी होतो. एकाच टाकीवर एका नळाऐवजीं चार नळ सोडले तर पाणी चौपट वाहातें. तसाच प्रत्येक नवा कर्णा विजेस एक नवी वाट मोकळी करून देतो. सर्व कर्ण्यांचें एक टोक एका तारेस आणि दुसरें टोक दुसऱ्या तारेस लाविलें, म्हणजे ती समांतर जोडणी झाली. सारखे कर्णे समांतर जोडले असतां एकाच्या अडथळ्यास त्यांच्या संख्येनें भागावें. १६ चे दोन म्हणजे ८, चार म्हणजे ४, आठ म्हणजे २. त्या वाडीच्या आठ कर्ण्यांचा भार २ ओहम होता आणि तो लाविला होता आठच्या स्क्रूस. १०० वॅटच्या यंत्रावर त्या स्क्रूचा पूर्ण दाब सुमारें २८ व्होल्ट असतो. दोन ओहमांतून त्या दाबानें १४ अँपियर मागितले जातात, म्हणजे जवळ जवळ ४०० वॅट. शंभराच्या बैलावर चारशेंचें ओझें लादिलें, मग तो बसला तर दोष कोणाचा?

दुसरी जोडणी एकसर. माळेंतील मण्यांप्रमाणें एका कर्ण्याचें शेपूट दुसऱ्याच्या तोंडास जोडावयाचें. तेथें अडथळ्यांची सरळ बेरीज होते. १६ चे दोन म्हणजे ३२. मात्र माळेंतील एक मणी तुटला कीं सर्व माळ मुकी होते, आणि कर्णे वेगवेगळ्या जातीचे असले तर त्यांच्यांत शक्तीची वांटणीही न्यायानें होत नाहीं. म्हणून उघड्या मांडवांत निवळ एकसर जोडणी कोणी शहाणा कारागीर करीत नाहीं. क्वचित् दोहोंचा मिलाफ उपयोगी पडतो: दोन दोन कर्ण्यांच्या दोन माळा करून त्या समांतर जोडिल्या, तर १६ च्या चार कर्ण्यांचा भार पुन्हा १६ च राहातो. हें उदाहरण पाटीवर एकदां सोडवून पाहाण्यासारखें आहे.

एवढें जाणून एखादा जिज्ञासू डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या लॅमिंग्टन रोडवर, जाऊन एक मीटर विकत घेतो. घरीं येऊन १६ ओहमचा कर्णा मोजतो तों कांटा १२ च्या आसपास थांबतो. दुकानदारानें फसविलें असें त्यास वाटतें. दुकानदार निर्दोष असतो. मीटरनें मोजिला तो नुसता तारेचा रोध; कर्ण्यावर लिहिलेला असतो तो संरोध. ह्या दोहोंतील भेद हाच ह्या विषयाचा गाभा होय.

मीटरमधील घटाचा प्रवाह एकाच दिशेनें वाहातो. ध्वनीचा प्रवाह सेकंदास शेंकडों, हजारों वेळां दिशा पालटतो. असा उलटसुलट प्रवाह वेटोळ्यांतून जाऊं लागला म्हणजे दोन नव्या गोष्टी घडतात. पहिली ही, कीं वेटोळ्याच्या अंगींच एक जडपणा असतो. प्रवाहांतील बदल त्यास खपत नाहीं. बदल जितका जलद, म्हणजे स्वर जितका उंच, तितका हा विरोध अधिक. दुसरी अशी, कीं वेटोळें चुंबकाच्या खोबणींत हालत असतें, आणि चुंबकापाशीं हालणाऱ्या तारेंत वीज उत्पन्न होते, हा फॅराडेचा १८३१ सालचा शोध. ही घरची वीज बाहेरून आलेल्या विजेस उलट ढकलते. घरांतील झोपाळ्याचें उदाहरण घ्यावें. झोपाळ्यास त्याचा स्वतःचा एक ठेका असतो. त्या ठेक्यावर पायानें किंचित् रेटा दिला तरी तो उंच जातो. कर्ण्याच्या पडद्यासही असाच एक स्वाभाविक ठेका आहे. त्या स्वरावर पडदा थोडक्या विजेनें पुष्कळ हालतो, पुष्कळ हालतो म्हणून घरची वीज पुष्कळ उत्पन्न करितो, आणि म्हणून बाहेरच्या प्रवाहास तेथें वाट फारच थोडी मिळते. त्या स्वरावर संरोध छापलेल्या आंकड्याच्या कितीतरी वर चढलेला आढळतो.

तारेचा रोध आणि हे चंचल विरोध मिळून संरोध होतो. परंतु ही साधी बेरीज नव्हे. बदलास होणारा विरोध तारेच्या रोधाशीं काटकोनांत उभा असतो असें मानून, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून कर्ण काढतात तशी ती करावी लागते. रोध १२ आणि दुसरा विरोध ९ असेल, तर १४४ व ८१ मिळून २२५, त्याचें वर्गमूळ १५. संरोध १५ ओहम. कर्ण्याचें गणित कर्णानेंच सुटावें, हा मराठी भाषेचा एक गोड योगायोग आहे. 'इंपीडन्स' हा मूळ इंग्रजी शब्द १८८६ सालीं ऑलिव्हर हेविसाइड यानें प्रचारांत आणिला. सोळाव्या वर्षीं शाळा सोडून तारखात्यांत नोकरीस लागलेला आणि पुढें घरीं बसून सारें गणित स्वतःच शिकलेला असा हा गृहस्थ होता. शाळांना लाज आणणारीं अशीं माणसें जगांत मधून मधून निपजतात.

म्हणून कर्ण्यावरील १६ हा आंकडा म्हणजे एक ठोकळ मान समजावें. बोलण्याच्या ओघांत तो कधीं वर जातो, कधीं किंचित् खालीं येतो. तरीही जोडणीच्या हिशेबास तोच धरावा. पदरांत पुरेसें अंतर ठेविलें म्हणजे त्यानें दगा होत नाहीं.

आतां यंत्राच्या पाठीवरील ओळ वाचतां येते. १०० वॅटचें यंत्र चारच्या स्क्रूवर २० व्होल्ट, आठच्या स्क्रूवर सुमारें २८ व्होल्ट आणि सोळाच्या स्क्रूवर ४० व्होल्ट देतें. शक्ति तीच, फक्त दाब व प्रवाह यांची मापें बदलतात. त्या आंकड्यांचा अर्थ 'ह्याहून कमी ओहमचा भार येथें लावूं नये' असा आहे. यंत्राचा व कर्ण्याचा आंकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, नाहींतर अनर्थ होतो, असा एक समज आहे. तो जुन्या दूरध्वनीच्या विद्येंतून आलेला आहे. हल्लींच्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत आठच्या स्क्रूवर १६ ओहमचा कर्णा लाविला तर शक्ति सुमारें निम्मी निघते, आणखी कांहीं बिघडत नाहीं. उलट सोळाच्या स्क्रूवर ४ ओहम लाविले, तर यंत्र तापतें आणि फ्यूज वेळेवर न गेल्यास आंतील ट्रान्झिस्टर जातात. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांचा स्वभाव मात्र वेगळा होता. त्यांना जोराच्या आवाजावर कर्ण्यावांचून मोकळें चालविलें, तर आंतील रोहित्रांत दाब भलताच वाढून ठिणगी पडे. दादर-परळच्या जुन्या कारागिरांच्या तोंडीं 'लोड काढूं नको' हा मंत्र अजून ऐकूं येतो तो तेव्हांचा. नवा शिकाऊ त्याचा अर्थ न कळतां तोच मंत्र ट्रान्झिस्टरच्या यंत्रापुढें म्हणतो, आणि तारांची टोकें एकमेकांस टेकूं देतो! ट्रान्झिस्टरला मोकळेपणाचें भय नाहीं, टेकण्याचें आहे.

कर्णे आणि यंत्र यांचा हिशेब जुळला तरी मध्यें तार असते, आणि तिचा विचार बहुधा कोणीच करीत नाहीं. लालबागच्या एखाद्या गल्लींत मांडवापासून गल्लीच्या तोंडापर्यंत ६० मीटर अंतर आहे असें धरावें. वीज जाते व परत येते, म्हणून तार १२० मीटर. दिव्यांच्या माळांना वापरतात तसली अर्ध्या चौरस मिलिमीटरची स्वस्त तांब्याची तार घेतली, तर तिच्या १२० मीटरांचा रोध सुमारें ४ ओहम होतो. चारही कर्णे त्या टोकास आहेत. त्यांचा भारही ४ ओहम. म्हणजे एकूण ८. वीस व्होल्टांवर प्रवाह अडीच अँपियर. यंत्रांतून बाहेर पडले ५० वॅट, त्यांतील २५ तार तापविण्यांत गेले आणि चार कर्ण्यांना मिळून २५ उरले. शंभर वॅटच्या यंत्राचें भाडें देऊन गल्लीच्या तोंडाशीं पावशतक पोंचलें! तेथील लोक ओरडतात, 'आवाज वाढवा'. टेबलाखालचा तरुण बटण पिळतो. यंत्र आपल्या मर्यादेपलीकडे गेलें म्हणजे ध्वनीच्या लाटांचे शेंडे छाटले जातात, शब्द खरखरीत होतात, आणि मांडवाजवळच्या कर्ण्यांचीं वेटोळीं भाजूं लागतात. आवाज वाढतो, परंतु एक अक्षर अधिक कळत नाहीं.

ह्यास दोन उपाय. जाड तार घेणें हा एक. दुसरा उपाय मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून ठाऊक आहे. त्या सालीं खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत्केंद्रांतून मुंबईस वीज येऊं लागली ती अतिशय उंच दाबानें; कारण दाब चढविला कीं तितक्याच शक्तीस प्रवाह थोडा पुरतो, आणि तारेंत होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें घटते. यंत्रावरील '१०० व्होल्ट' हा शेवटचा स्क्रू त्याच युक्तीचें घरगुती रूप आहे. प्रत्येक कर्ण्यापाशीं एक लहान रोहित्र बसवावें लागतें. कारागीर त्यास लाइन ट्रान्स्फॉर्मर म्हणतात. तें १०० व्होल्ट उतरवून कर्ण्यास हवे तितकेच देतें. त्यावर ५, १०, १५, २५ असे वॅटांचे फांटे असतात. येथें ओहमचा हिशेबच करावा लागत नाहीं. लाविलेल्या वॅटांची बेरीज करावी आणि ती यंत्राच्या आंकड्याच्या पुष्कळ आंत ठेवावी. शंभराच्या यंत्रावर ऐंशीपर्यंत जावें, पुढें जाऊं नये. वरच्याच गल्लींत, त्याच बारीक तारेनें, पंचवीस पंचवीस वॅटांचे चार कर्णे ह्या रीतीनें लाविले, तर त्यांचा भार १०० ओहम होतो. तारेचे ४ ओहम त्यापुढें कांहींच नव्हेत. कर्ण्यांस सुमारें ९२ वॅट मिळतात आणि तारेंत चारांहून कमी जातात. तीच तार, तेच कर्णे, तेंच यंत्र. पूर्वीं पंचवीस पोंचत होते, आतां ब्याण्णव पोंचतात.

ह्या रीतींत दोन धोके आहेत आणि ते स्पष्ट सांगितलेच पाहिजेत. १०० व्होल्टच्या तारेवर रोहित्रावांचून उघडा ८ ओहमचा कर्णा चुकून लाविला, तर तो साडेबारा अँपियर मागतो, म्हणजे १,२५० वॅट. क्षणांत कर्णा तरी जातो किंवा यंत्र तरी. दुसरा धोका माणसाच्या जिवाचा. शंभर व्होल्ट ओल्या हाताला झटका देण्यास पुरेसे आहेत. उत्सव भाद्रपदांतला, पाऊस गेलेला नसतो, आणि चाळींतून तारा बांधतात त्या सज्जाच्या लोखंडी कठड्यांना, जेथें मुलें हात टेकून आरती पाहात असतात. तेव्हां सांधे उघडे ठेवूं नयेत, कठड्यावर नुसती तार गुंडाळूं नये, आणि यंत्र चालू असतां सांध्यास हात लावूं नये. ज्या मंडळाजवळ चांगली आवरणाची तार आणि अनुभवी माणूस नाहीं, त्यानें जवळजवळ बसविलेल्या कर्ण्यांना जाड तारेची साधी जोडणीच पत्करावी.

मीटरविषयीं येथें एक सूचना. साध्या जोडणींत यंत्रास तार लावण्यापूर्वीं मीटर धरून पाहावा. १६ च्या चार समांतर कर्ण्यांवर तारेसह तीन-साडेतीन दिसले तर ठीक. शून्य दिसलें तर कोठेंतरी तारा टेकल्या आहेत. कांहींच न दिसलें तर तार तुटली आहे. परंतु रोहित्रांच्या जोडणींत हा मीटर दिशाभूल करितो. तो रोहित्राच्या गुंडाळीचा रोध तेवढा दाखवितो, भार दाखवीत नाहीं. तेथें संरोध मोजणारा निराळा मीटर लागतो.

तारेच्या दोन टोकांपैकीं कोणतें कोणत्या खुणेस लावावें, ह्याकडेही दुर्लक्ष होतें. शेजारीं बसविलेल्या दोन कर्ण्यांपैकीं एकाच्या तारा उलट लागल्या, तर एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो. दोघे हवेंत एकमेकांचें काम मोडितात आणि आवाज पोकळ, पातळ होतो. सर्व कर्ण्यांची तांबडी खूण एकाच तारेस लावावी. खूण पुसली असेल तर एकाच्या तारा उलटसुलट करून पाहाव्या. ज्या जोडणींत आवाज भरदार येईल ती खरी. मोठ्या कागदी पडद्याच्या ध्वनिक्षेपकावर टॉर्चचा दीड व्होल्टचा घट क्षणभर टेकवावा. पडदा बाहेर उसळला कीं घटाच्या अधिक टोकाची बाजू तीच अधिक.

शेवटीं परळकडे वळावें लागतें, कारण हा सारा हिशेब तेथें माणसांच्या झोंपेवर येऊन ठेपतो. १९२६ पासूनचें के. ई. एम., शेजारचें वाडिया, आणि १९४१ चें टाटा स्मारक रुग्णालय हीं एकमेकांच्या हांकेवर आहेत, आणि भोंवतीं चाळीचाळींतून उत्सव आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या सभोंवार १०० मीटरांचा शांतता विभाग ठरविला आहे. राहात्या वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर कर्णा बंद. सणाच्या मोजक्या दिवशीं सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें, ती वेगळी. नियम कडक आहेत अशी कुरकूर करणारा तरुण बहुधा एका मोठ्या कर्ण्यानें सारी गल्ली जिंकूं पाहात असतो. आवाजाचा स्वभाव असा, कीं मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें म्हणजे तो ६ डेसिबेलनें उतरतो. आणि यंत्राची शक्ति दुप्पट केली तर चढतात अवघे ३. आठ मीटरांवर जितका ऐकूं येतो तितकाच चौसष्ट मीटरांवर ऐकूं यावा असें वाटत असेल, तर चौसष्टपट शक्ति पाहिजे, आणि ती सारी कर्ण्याजवळच्या खिडक्यांवर आदळते. त्यापेक्षां गल्लीभर अंतराअंतरानें पांच पांच वॅटांचे लहान कर्णे, सर्व एकाच दिशेस तोंड केलेले, लाविले, तर प्रत्येकास आपल्या जवळच्या दहा पावलांपुरतेंच बोलावें लागतें. तोंडें समोरासमोर ठेवूं नयेत. आवाज सेकंदास सुमारें ३४५ मीटर चालतो, म्हणून ३५ मीटरांवरील कर्ण्याचा शब्द दहावा भाग सेकंद उशीरा येतो आणि पहिल्या शब्दावर चढतो. बटणांपैकीं खर्जाचें बटण खालीं उतरवून ठेवावें. लहान कर्ण्यांना खर्ज झेपत नाहीं, रोहित्रें त्यानें गुदमरतात, आणि शब्द कळतो तो व्यंजनांनीं, जीं उंच स्वरांत असतात. रुग्णालयाच्या भिंती ओलांडून जातो तो मात्र खर्जच.

शंभर व्होल्टच्या रीतीचा खरा लाभ येथें दिसतो. चाळीच्या टोकाच्या खोलींत कोणी आजारी पडून असेल, तर त्या खिडकीजवळच्या कर्ण्याचा फांटा दहावरून पांचावर आणावा, किंवा तेवढा एक कर्णा काढून ठेवावा. इतरांच्या आवाजास रेसभर धक्का लागत नाहीं. त्यासाठीं आरती थांबवावी लागत नाहीं, कीं कोणाशीं भांडावें लागत नाहीं. यंत्र दोन मिनिटें बंद करून एक स्क्रू सैल करावा आणि दुसरा आवळावा.

विसर्जनानंतर कर्णे उतरविले म्हणजे त्यांचीं तोंडें खालीं करून पावसाचें पाणी गळूं द्यावें. तारा कोरड्या पुसून, कोपरावर न वळवितां, मोठ्या वेढ्यांनीं गुंडाळाव्या. आणि पेटींत एक जाड पुठ्ठा टाकावा. त्यावर लिहावें: कर्णे किती, प्रत्येकावरील आंकडा काय, जोडणी समांतर कीं एकसर, भार किती झाला, तार कोणत्या स्क्रूस होती. पुढल्या वर्षीं टेबलाखालीं दुसराच कोणी बसलेला असेल.